बाबू चिरींच्या सहा मुली आणि आपल्या मोहिमांचं अंदाजपत्रक

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व गिर्यारोहण संस्था,
आठ हजारी, म्हणजे 8,000 मीटरहून उंच शिखरांवर निघालेले गिर्यारोहक,
आणि त्यांच्या मोहिमांना निधी देणारे सरकारी विभाग व प्रायोजक यांस

स. न. वि. वि.

पुढच्या हंगामाची जुळवाजुळव सुरू झाली की संस्थांच्या कार्यालयांत अंदाजपत्रकं तयार व्हायला लागतात. आकडे पक्के होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून आत्ताच लिहिते आहे. मी एका लहान संस्थेची खजिनदार. डोंगरात मीही जाते, पण संस्थेत माझं मुख्य काम पावत्या, व्हाउचरं आणि ताळेबंद. त्यामुळे जे मागायचं आहे ते हिशेबाच्याच भाषेत मागते. एव्हरेस्ट, ल्होत्से, मनास्लू, अन्नपूर्णा, कांचनजंगा या शिखरांवर आपल्याबरोबर जे शेर्पा येतात, त्यांच्यापैकी कुणी परतला नाही तर त्याच्या घरच्यांचं काय होणार, हे मोहीम निघण्यापूर्वी कागदावर आलेलं असलं पाहिजे. आणि त्यासाठी लागणारा पैसा अंदाजपत्रकात वेगळा काढून ठेवलेला दिसला पाहिजे.

हे मागणं मला बाबू चिरी शेर्पा यांच्या आयुष्याकडे बघताना सुचलं. म्हणून आधी त्यांच्याविषयी.

बाबू चिरींचा जन्म 1965 सालचा, नेपाळमधल्या सोलुखुंबू जिल्ह्यातल्या छुलेमू गावचा. नामचे, खुमजुंग, थामे ही एव्हरेस्टच्या परिसरातल्या गावांची नावं आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींच्या तोंडात असतात. छुलेमू त्या वाटेवर लागत नाही. ते खालच्या अंगाला, सोलू भागात, ताकसिंदूच्या बाजूला. वरच्या खुंबूत एडमंड हिलरींच्या पुढाकाराने 1961 साली खुमजुंगला शाळा सुरू झाली होती. छुलेमूत बाबू चिरींच्या लहानपणी शाळा नव्हती. ते शाळेत गेलेच नाहीत. वाचायला-लिहायला पुढे आपलं आपण शिकले. मिसरूड फुटायच्या वयात ट्रेकर लोकांची ओझी वाहायला लागले आणि तिथून हळूहळू उंच पर्वतांवरच्या कामाला.

ज्यांनी लुक्लाच्या वरची वाट चालली आहे त्यांना ही ओझी ठाऊक आहेत. कपाळावरून गेलेला नाम्लोचा पट्टा, त्यावर तोललेली पाठीमागची डोको म्हणजे टोपली, हातात इंग्रजी 'टी'च्या आकाराची काठी. दमला की माणूस ती काठी मागे डोकोखाली टेकवतो आणि उभ्या उभ्याच विसावा घेतो. ओझं खाली ठेवलं तर एकट्याला परत उचलता येत नाही. नामचेच्या चढावर असा एक मुलगा माझ्या शेजारी थांबला होता. पाठीवर प्लायवुडच्या फळ्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट, आणि मान इतकी ताठ धरलेली की माझ्याकडे बघायला त्याने नुसते डोळे वळवले. बाबू चिरींची सुरुवात अशीच झाली.

पुढची कामगिरी आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. 1990 पासून 2000 पर्यंत दहा वेळा एव्हरेस्ट. 1995 मध्ये एकाच हंगामात दोनदा. मे 1999 मध्ये ते शिखरमाथ्यावर राहायला गेले आणि 21 तास राहिले, तेही सिलिंडरच्या ऑक्सिजनशिवाय. 8,848 मीटरवर समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. तिथे पोचलेली बहुतेक माणसं अर्धा तासही थांबत नाहीत. फोटो काढतात, झेंडा उघडतात आणि उतरायला लागतात. बाबू चिरींनी तिथे एक अख्खी रात्र काढली. झोप लागली तर परत जाग येणार नाही अशा जागी ते रात्रभर जागे राहिले आणि सकाळी आपल्या पायांनी खाली आले. दुसऱ्याच वर्षी, मे 2000 मध्ये, नेपाळच्या बाजूच्या बेस कॅम्पपासून शिखरापर्यंत ते 16 तास 56 मिनिटांत पोचले. त्याआधीचा विक्रम काजी शेर्पांचा होता, 20 तास 24 मिनिटांचा. विक्रम मोडणारा आणि ज्याचा मोडला तो, दोघेही शेर्पाच. पुढे 2003 साली बाबू चिरींचाही विक्रम शेर्पांनीच मोडला.

आपल्याकडे व्याख्यानांत हे 21 तास आणि 16 तास 56 मिनिटं सांगितली जातात, टाळ्या मिळतात आणि वक्ता पुढच्या स्लाइडवर जातो. त्या विक्रमांचं बाबू चिरींनी पुढे काय केलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांना आपल्या गावात शाळा हवी होती. नाव झालं, परदेशातून बोलावणी यायला लागली, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या मागे उभ्या राहिल्या, तेव्हा ती सगळी पुण्याई त्यांनी त्या शाळेसाठी खर्ची घातली, आणि शाळा उभी राहिली. त्यांना सहा मुली होत्या. ज्या माणसाने एव्हरेस्टच्या माथ्यावर रात्र काढली, त्याची धडपड पुढच्या पिढीला पोटासाठी ओझं उचलावं लागू नये यासाठी होती. मला त्या 21 तासांइतकाच या शाळेचा अभिमान वाटतो, आणि या पत्रात माझं बोट तिच्याकडेच आहे.

29 एप्रिल 2001 ला ते पुन्हा एव्हरेस्टवर होते, कॅम्प दोनवर. दहा चढाया झालेल्या होत्या, अकरावीची तयारी चालली होती. कॅम्पच्या आसपास फोटो काढायला म्हणून ते बाहेर पडले आणि बर्फाने झाकलेल्या एका क्रिव्हासमध्ये कोसळले. बराच वेळ परतले नाहीत म्हणून साथीदार शोधायला निघाले. सापडले तेव्हा सगळं संपलेलं होतं. वय 35. त्यांचा देह काठमांडूला आणला, शोक साऱ्या नेपाळने केला. पण त्या सहा मुलींच्या घरातला कर्ता माणूस गेला होता.

ज्यांनी हिमनदी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅम्प दोन साधारण 6,400 ते 6,500 मीटरवर, वेस्टर्न क्वम नावाच्या दरीत लागतो. एका बाजूला एव्हरेस्ट, समोर ल्होत्से, दुसऱ्या बाजूला नुप्त्से आणि मधे खुंबू हिमनदीचा वरचा भाग. दिसायला सपाट, पांढराशुभ्र, शांत. पण हिमनदी सतत खाली सरकत असते आणि सरकताना ठिकठिकाणी चिरते. त्या चिरा म्हणजे क्रिव्हास. वर बर्फ पडत राहतो, वारा तो चिरेच्या तोंडावर पसरतो आणि एक पातळ पूल तयार होतो. पहाटे गोठलेला असतो तेव्हा तो कदाचित माणसाचं वजन पेलेल. दिवसाच्या उन्हात तोच पूल मऊ पडतो. वरून बघणाऱ्याला तो आणि शेजारचा घट्ट बर्फ यांतला फरक कळतोच असं नाही. म्हणून अशा जागी एकमेकांना दोराने बांधून चालायचं, काठीने बर्फ टोचत पुढे जायचं, हे उत्तरकाशी-दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थांच्या बेसिक कोर्समध्येच आपल्याला शिकवतात. कॅम्पच्या आसपास मात्र माणूस दोराविना फिरतो. तंबूतून बाहेर येणं-जाणं असतं, पाणी आणायचं असतं, शेजारच्या तंबूत जायचं असतं. अख्खा दिवस दोरात राहणं कुणालाच जमत नाही.

म्हणजे बाबू चिरी गेले ते शिखराजवळच्या कड्यावर नाही, विक्रम करताना नाही, वादळातही नाही. इतक्या वर्षांत असंख्य वेळा तुडवलेल्या जागेवर, कामाच्या मधल्या मोकळ्या वेळात गेले. त्यांच्याइतका त्या पर्वताचा जाणता माणूस तेव्हा जगात क्वचितच कुणी असेल. तरी ते गेले, कारण त्या पर्वतावर त्यांचे तासही तितकेच जास्त होते. जो त्या बर्फावर जास्त काळ राहतो, जास्त वेळा ये-जा करतो, त्याचा धोका जास्त. अनुभवाने काही संकटं टळतात. कोसळणारा सेराक, म्हणजे बर्फाचा सुटा कडा, आणि बर्फाखाली दडलेली चीर समोरच्याचा अनुभव विचारत नाहीत.

आता हाच हिशेब आपल्या मोहिमांना लावून बघा. आपला गिर्यारोहक खुंबू आइसफॉलमधून, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या हिमनदीच्या तुटक्या उतारावरून, सरावाच्या एक-दोन फेऱ्या करतो आणि मग शिखराकडे निघतो. हल्ली तर बरेच जण जवळच्या एखाद्या छोट्या शिखरावर सराव करून आइसफॉलची फेरी वाचवतात. वाचवावीच, शहाणपणाचंच आहे ते. पण त्याचा तंबू, गॅस, अन्न, दोर आणि ऑक्सिजनचे सिलिंडर वर पोचवायला शेर्पा त्याच आइसफॉलमधून कितीतरी जास्त वेळा जातात, आणि हंगाम संपल्यावर तेच सगळं खाली आणायला पुन्हा जातात. ॲल्युमिनियमच्या शिड्या एकमेकींना दोरीने बांधलेल्या, खाली निळसर अंधार, बुटांखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात शिडीच्या दांड्यांवर कर्रर वाजतात, आणि पाठीवर सिलिंडरांनी भरलेली सॅक. आपल्याला हे दृश्य आयुष्यात एकदा दिसतं आणि जन्मभर पुरतं. त्यांचा तो रोजचा कामावर जायचा रस्ता आहे.

18 एप्रिल 2014 च्या सकाळी याच रस्त्यावर हिमकडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगार गेले, त्यांतले बहुतेक शेर्पा. तिघांचे देह तर मिळालेच नाहीत. गेलेल्यांत गिर्यारोहण करायला पैसे भरून आलेला एकही जण नव्हता. सगळे दुसऱ्यांचं सामान आणि दोर वर नेणारे. नेपाळ सरकारने तातडीची मदत जाहीर केली ती प्रत्येक कुटुंबामागे 40,000 नेपाळी रुपये. आपल्या पैशांत 25,000. शेर्पा भडकले, बेस कॅम्पवर सभा झाल्या, नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळजवळ बंदच पडला. त्यानंतर सक्तीच्या विम्याची किमान रक्कम 10 लाखांवरून 15 लाख नेपाळी रुपये झाली. म्हणजे आपल्या हिशेबाने साडेनऊ लाखांच्या आसपास. सोळा माणसं गेल्यावर वाढलेली ही रक्कम पुण्या-मुंबईतल्या गिर्यारोहकाने स्वतःसाठी घेतलेल्या साध्या टर्म पॉलिसीच्या शेजारी ठेवून बघा. एप्रिल 2023 मध्ये आइसफॉलमध्ये पुन्हा तीन शेर्पा गेले. तेही सामान वाहतानाच.

याहून जुनी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. 22 एप्रिल 1993 ला पासांग ल्हामू शेर्पा एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या नेपाळी स्त्री ठरल्या आणि उतरताना हवामान बिघडून त्यांचा मृत्यू झाला. नेपाळने त्यांचा योग्य तो सन्मान केला. पुतळे झाले, टपाल तिकीट निघालं, शिखराला नाव दिलं. त्यांच्या तुकडीतले सोनाम छिरिंग शेर्पा त्या वादळात त्यांना सोडून खाली आले नाहीत. तेही गेले. आपल्याकडच्या किती गिर्यारोहकांना हे दुसरं नाव माहीत आहे?

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? नेपाळ सरकारला पत्र लिहिणारे पुष्कळ आहेत. परमिटची फी 11,000 वरून 15,000 डॉलर झाली, नियम बदलले, अजून बदलतील. त्यावर आपला काही ताबा नाही. आपला ताबा आपल्या अंदाजपत्रकावर आहे.

महाराष्ट्राचं हिमालयाशी नातं आता जुनं आणि भक्कम आहे. 1998 साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. 2012 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने एकाच मोहिमेत आठ जणांना माथ्यावर नेलं, आणि 2019 मध्ये कांचनजंगावर दहा जणांना. 2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं-मुली सरकारी उपक्रमातून एव्हरेस्ट चढून आली. ती बातमी वाचताना मला रडू आलं होतं. कॉलेजमधल्या नोकऱ्या सांभाळून, पोलीस दलातल्या ड्यूट्या सांभाळून, घर गहाण ठेवून मराठी मुलं-मुली तिथवर जातात. या प्रत्येक यशात त्यांचा दोर कुणीतरी शेर्पाने बांधला होता, हे त्यांतला एकही जण नाकारणार नाही. बहुतेक जण परत आल्यावर आपल्या शेर्पाविषयी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. म्हणून मला वाटतं की माझं म्हणणं तुमच्या मनाला पटायला अवघड जाणार नाही. अडतं ते कागदावर.

आपल्या अंदाजपत्रकांत काय असतं? परमिट, एजन्सीचं पॅकेज, ऑक्सिजन, विमानप्रवास, कपडे-बूट, सॅटेलाइट फोन, सदस्यांचा विमा, प्रसिद्धी, स्वागत समारंभ. एका मोहिमेच्या तक्त्यात मी स्वतः पाहिलं आहे, सदस्यांच्या विम्याच्या रकान्यात प्रत्येकाचं नाव, पॉलिसी नंबर, वारसाचं नाव आणि रक्कम होती. त्याखाली एकच ओळ: 'शेर्पा विमा, एजन्सीकडून'. नाव नाही, रक्कम नाही, वारस नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्ता चांगल्या माणसांनी केला होता आणि असे तक्ते आपल्याकडे सगळीकडेच होतात.

ही ओळ बदला. एजन्सी ठरवतानाच तिच्याकडून प्रत्येक शेर्पाच्या पॉलिसीची प्रत मागा. त्यावर माणसाचं पूर्ण नाव, गाव, वय, वारस आणि रक्कम असली पाहिजे. पूर्ण नावाचा आग्रह एवढ्यासाठी की शेर्पांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवायची पद्धत आहे: सोमवारचा दावा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेंबा. नुसतं 'पासांग शेर्पा' एवढ्यावर विम्याचा दावा निकाली निघायला किती खेटे घालावे लागतील याचा विचार करा, आणि ते खेटे नुकताच नवरा गमावलेल्या बाईला घालावे लागतात. स्वयंपाकी, किचन बॉय, बेस कॅम्पपर्यंतचे हमाल हेही या यादीत हवेत. त्यांतले कित्येक राई, तामांग, मगर असतात आणि 'शेर्पा' या एका शब्दाखाली अदृश्य होतात.

त्यावर, एजन्सीचा विमा कमी पडतो तिथे संस्थेने भर घालावी. कितीची? मी म्हणते, आपल्या सदस्याच्या विम्याइतकी. एकाच दोरात असलेल्या दोन माणसांच्या घराला वेगवेगळी किंमत का लावायची, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. पूर्ण बरोबरी पहिल्याच वर्षी झेपणार नसेल तर निम्म्याने सुरुवात करा. पण आकडा लिहा.

बोनसचंही बोललं पाहिजे. पगाराव्यतिरिक्त शेर्पाला समिट बोनस मिळतो, म्हणजे आपला गिर्यारोहक शिखरावर पोचला की ठरलेली जास्तीची रक्कम. वर्षभराच्या कमाईत तिचा वाटा मोठा असतो. याचा अर्थ असा होतो की शिखराखालच्या 'बाल्कनी' या टप्प्यावर वारा वाढलाय, सदस्याची पावलं अडखळतायत, अशा वेळी 'परत फिरू' म्हणणारा शेर्पा स्वतःच्या खिशातून त्या निर्णयाची किंमत मोजतो. तरीही ते म्हणतात, आणि आपली मुलं त्यामुळे जिवंत परत येतात. आपण करारातच लिहून टाकू की शेर्पाच्या सल्ल्याने माघारी फिरलं तरी बोनस पूर्ण मिळेल. यात शेर्पाचं भलं आहेच, पण त्याहून जास्त आपल्या पोरांचं आहे. सुरक्षेवर आपण चर्चासत्रं घेतो, त्यातल्या कितीतरी ठरावांपेक्षा ही एक ओळ जास्त जीव वाचवेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि मुलांचं शिक्षण. बाबू चिरींनी आपल्या हयातीत शाळा उभी केली म्हणून त्यांच्या जाण्यानंतरही त्यांचं काहीतरी गावात राहिलं. प्रत्येक शेर्पाला विक्रम करता येणार नाहीत, आणि जाण्याआधी शाळा बांधायला वेळही मिळणार नाही. आपल्या गिर्यारोहण संस्थांच्या महासंघाच्या पातळीवर एक छोटा निधी असावा. आठ हजारी मोहिमेच्या एकूण खर्चाचा अगदी एक टक्का जरी त्यात जमा झाला, तरी आपल्या मोहिमेत कुणी गेलं किंवा कायमचं जायबंदी झालं तर त्याच्या मुलांची शाळा सुटणार नाही एवढी तजवीज होईल. एव्हरेस्टचा खर्च आज माणशी 30–40 लाखांच्या घरात जातो. एक टक्का म्हणजे 30–40 हजार. हा स्वागत मिरवणुकीतल्या ढोलपथकाचा आणि फ्लेक्सचा खर्च आहे, आणि मी दोन्हीची बिलं पास केलेली आहेत.

मला माहीत आहे, यावर काय म्हटलं जाईल. पहिली गोष्ट, पैसे आणायचे कुठून. मोहिमेवर निघालेली मुलं कर्ज काढतात, वर्गणी मागत दारोदार फिरतात, शेवटच्या आठवड्यापर्यंत दोन-तीन लाख कमी पडत असतात. हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्या मुलांच्या मागे उभं राहणं हे माझं काम आहे. पण ज्या मोहिमेला शेर्पाचा पुरेसा विमा परवडत नाही, ती मोहीम अजून तयार झालेली नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर कमी पडत असतील तर आपण 'चालवून घेऊ' म्हणत नाही, निघणं एक वर्ष पुढे ढकलतो. हेही तसंच धरायला हवं.

दुसरं म्हणणं असतं की शेर्पा हे काम स्वखुशीने करतात, त्यातून त्यांना त्यांच्या भागातल्या इतर कुठल्याही कामापेक्षा जास्त मिळतं, मग आपण दया का दाखवायची. कुणी दया दाखवू नयेच. बाबू चिरींना कुणाची दया नको होती; त्यांना पर्वताचं वेड होतं, आणि त्यांनी ते सगळ्या जगाला दाखवलं. ऑक्सिजनशिवाय दहा वेळा एव्हरेस्ट चढलेले आंग रिता शेर्पा, 2020 साली दीर्घ आजारानंतर गेले, त्यांनाही कुणी बिचारं म्हणण्याची हिंमत करणार नाही. ही त्यांच्या कामाची किंमत आहे, आणि कामाच्या किमतीत कामावर आलेल्या मरणाची भरपाई धरलेली असते. आपल्या सह्याद्रीत एखाद्या सुळक्यावर अपघात झाला की पायथ्याच्या वाडीतले लोक झोळी करून माणूस खाली आणतात, रात्री-अपरात्री, पावसात. त्यांना आपण काय देतो? हाही प्रश्न कधीतरी घ्यायला हवा. आज मात्र हिमालयापुरतंच बोलते.

सरकारी विभागांना आणि प्रायोजकांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या हातात सगळ्यांत सोपी चावी आहे. मोहिमेला निधी मंजूर करताना ज्या कागदपत्रांची यादी तुम्ही मागता, वैद्यकीय दाखला, कोर्सचं प्रमाणपत्र, एजन्सीचं कोटेशन, त्यात एक कागद वाढवा: मोहिमेतल्या सर्व नेपाळी कामगारांच्या विम्याच्या प्रती आणि बोनसचा करार. तो नसेल तर हप्ता सोडू नका. परत आल्यावर मोहिमेचा अहवाल घेताना त्यात शेर्पांची नावं गावासकट आहेत का ते बघा. साहसी क्रीडा पुरस्कारांचे प्रस्ताव तपासतानाही हे बघता येईल. एका परिपत्रकाचं काम आहे, त्याला बजेट लागत नाही.

गिर्यारोहकांनो, तुम्हाला एक विनंती. काठमांडूत करार करताना किंवा बेस कॅम्पवरच्या निवांत दिवसांत तुमच्या शेर्पाला विचारा, त्याच्या घरी कोण कोण आहे, मुलं कितवीत आहेत, त्याच्या पॉलिसीवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे. कित्येकांना आपल्या पॉलिसीची रक्कमही माहीत नसते, कारण ती एजन्सीच्या फायलीत असते. तुम्ही विचारलंत तर ती फाइल उघडेल. पैसे भरणाऱ्या माणसाचा प्रश्न एजन्सीला टाळता येत नाही. शेर्पाचा टाळता येतो.

आमच्या संस्थेत आम्ही असा एक तक्ता तयार केला आहे. त्यात सदस्य आणि शेर्पा एकाच यादीत, एकाखाली एक, तेच रकाने: पूर्ण नाव, गाव, पॉलिसी क्रमांक, रक्कम, वारस, बोनसची अट, मुलांची नावं आणि इयत्ता. नेपाळच्या दोन एजन्सींना तो दाखवला. दोघांनीही तो भरून द्यायची तयारी दाखवली, एकाने तर 'हे आजवर कुणी मागितलंच नव्हतं' असं सांगितलं. ज्या संस्थेला हवा असेल तिला मी तो पाठवते. त्यात काही राहून गेलं असेल तर सुचवा, सुधारून घेऊ. येत्या वसंतातल्या मोहिमांचे करार होण्यापूर्वी महासंघाच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तिथे हा तक्ता सगळ्या आठ हजारी मोहिमांसाठी सक्तीचा करावा, एवढी माझी मागणी आहे. बैठकीला मी येईन, आणि प्रत्येक आकड्याचं उत्तर द्यायला बसेन.

कळावे,
आपली,
एका गिर्यारोहण संस्थेची खजिनदार